इनास, तुझ्या गाडीचं बाहेरचं हँडल

इनास,

सहा दिवस झाले, एक प्रश्न मी कुणालाच विचारलेला नाही. मंगळवारी सकाळी पापडी गावातल्या बेकरीसमोर लोकांनी तुला गाडीतून बाहेर काढलं, तेव्हा दार उघडलं कसं?

साधा प्रश्न आहे. बाकीचं सगळं मला न विचारता सांगून झालंय. पाव आणायला निघाला होतास, गाडी कडेला लावलीस, किल्ली फिरवून इंजिन बंद केलंस आणि तिथेच छातीवर हात धरून स्टिअरिंगवर वाकलास. लोक धावले, बाहेर काढला, रिक्षात घातला, दवाखान्यात दोन तास होता, शुद्धीवर होता, फिलूवहिनींशी बोलला. सांगणारा प्रत्येक जण 'बाहेर काढला' म्हणतो आणि पुढे रिक्षाकडे जातो. मी मागे त्या दारापाशीच उभा राहतो. हँडल ओढलं तेव्हा उघडलं का? किती वेळ गेला? विचारायला तोंड उघडत नाही, कारण ते हँडल तू जायच्या तेवीस दिवस आधी मी दुरुस्त केलं होतं.

मी केलं होतं, इनास. हे लिहिताना अंगावर काटा यायला हवा. येत नाहीये. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो ना, मग गाल आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही, तसं मंगळवारपासून चाललंय. सुनंदा म्हणाली, "अहो, एकदा रडून घ्या." मी म्हटलं, "बघतो." जणू ती मला गिरणीतून दळण आणायला सांगत होती.

परवा तुझ्या अंगणात कुणीतरी म्हणालं, चांगला मेकॅनिक गेला. तू असतास तर तिथल्या तिथे भांडला असतास. "इंजिनाला मी हात लावत नाय. मी दरवाजेवाला." वाडीच्या कडेला, केळीला टेकून उभी केलेली तुझी पत्र्याची शेड. तिथे फक्त गाड्यांची दारं यायची. न लागणारी, न उघडणारी, करकरणारी, पाणी पिणारी, काच अर्ध्यात अडकलेली. आणि दाराच्या मालकाला तू बोलूच द्यायचा नाहीस. त्याला आत बसवायचास, सगळ्या काचा वर करायला लावायचास, बाहेरून दार लावायचास आणि विचारायचास, "काय ऐकलंस?" तो म्हणायचा, "धप्प." "नुसतं धप्प, की धप्प आणि मागनं खट्ट?" मग तो बिचारा विचारात पडायचा. मग वर्तमानपत्राची पट्टी फाडून दारात धरायचास, दार लावायचास आणि पट्टी ओढायचास. ती घट्ट बसली तर तिथलं रबर चांगलं, सहज निघून आली तर तिथून वारा आणि पाणी येणार. एवढ्यावर अर्धा आजार कळायचा. हत्यार हातात घ्यायच्या आधीच.

माझी आणि तुझी ओळख मात्र हत्यार आधी हातात घेतल्यामुळे झाली. अकरा वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं मागचं डावं दार आतून उघडेना. बाहेरून उघडायचं, आतून नाही. मी एका शनिवारी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगखाली दाराचा आतला पॅड काढायला बसलो. दुसऱ्या मजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत प्रत्येक गॅलरीतून एक सल्ला येत होता आणि मी सगळे ऐकत होतो. पॅडच्या सात क्लिपांपैकी सातही तोडल्या. तीन तासांनी एक स्पीकर, एक हँडल आणि पिशवीभर स्क्रू घेऊन, दाराची हाडं उघडी टाकून तुझ्या शेडमध्ये आलो.

तू दाराकडे बघितलंस, पिशवीकडे बघितलंस.

"घरात लहान पोर आहे काय?"

"नाही हो. मुलगी बारावीला आहे."

"मग हे कुणासाठी लावलंय? तुमच्यासाठी?"

आणि दाराच्या कडेला, लॉकच्या खाली असलेला नखाएवढा खटका तू किल्लीच्या टोकाने वर केलास. चालत्या गाडीत मुलांनी दार उघडू नये म्हणून असतो तो. गाडी पुसताना माझ्याच फडक्याने तो खाली गेला होता. दार आतून उघडलं. तू हसला नाहीस, तेच जास्त लागलं. सात नव्या क्लिपा बसवता बसवता एवढंच म्हणालास, "सावंतसाहेब, दार उघडत नसेल तर आधी बघायचं, आपणच बंद करून ठेवलंय काय."

दुसऱ्या वर्षी जुलैत मी आणखी मोठा पराक्रम केला. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकताना दिसलं. वाकून पाहिलं तर तीन भोकं. मला वाटलं, गंजली. पुट्टी आणली आणि तिन्ही भोकं अशी बुजवली की माझं मलाच कौतुक वाटलं. आठ दिवसांनी वळणावर दारातून डुबुक डुबुक आवाज यायला लागला. मग काच बंद पडली. तू दाराला कान लावलास, बोटाने वाजवत वाजवत वर आलास, हँडलच्या थोडं खाली थांबलास आणि घराकडे तोंड करून ओरडलास, "फिलू, ये गो बघायला! सावंताने विहीर आणलीय!"

पाऊण बादली निघालं. खोटं नाही, फिलूवहिनींनी ते अळूला घातलं. तू मला समजावलंस, की पाणी काचेच्या कडेने दारात शिरणारच, कुणाच्या बापाला ते अडवता येत नाही, म्हणून तर खाली भोकं ठेवलेली असतात. "आत आलेलं बाहेर जायला वाट लागते रे. तू शहाणा, तीच बंद केलीस." त्या दिवशी माझ्या नावापुढचं 'साहेब' गळून पडलं ते कायमचं, आणि मीही तुला अरे-तुरे करायला लागलो.

सुनंदाच्या बाजूचं दार आठवतं का? बिजागरीच्या पिना झिजून ते खाली उतरलं होतं. लावताना एका हाताने वर उचलून ढकलावं लागायचं. दोन वर्षं ती तसंच लावत होती. तू पिना आणि लॉक बदलल्यास, दार बोटाने लागायला लागलं, आणि ही बाई पुढचे सहा महिने ते उचलूनच लावत राहिली. नवं लॉक वरून घासून गेलं. तू तिला समोरच म्हणालास, "दार बरं झालं, वहिनी. तुमचा हात बरा व्हायला टाइम लागेल." ती चार दिवस तुझ्यावर रागावली आणि पाचव्या दिवशी तिने तुला आंबोळ्या पाठवल्या.

हे सगळं का लिहितोय? मला वाटलं होतं, लिहिताना कुठेतरी घशात अडकेल. अजून तरी नाही.

गेल्या वर्षी मी बँकेच्या नोकरीतून सुटलो आणि दर आठवड्याला दोन-तीनदा तुझ्या शेडमध्ये येऊन बसायला लागलो. तू काम करायचास, मी बघायचो. बघून बघून मला सगळं पाठ झालं. सुकलेल्या लॉकवर आधी साफ करायचं तेल, मग ग्रीस. काच जड चालत असेल तर खाचेत मेणबत्ती घासायची. रबर दाराला चिकटत असेल तर पावडर. काच मशीनची मोटर आवाज करते पण काच हलत नाही म्हणजे काच ओढणारी वायर तुटली, मोटर आवाजच करत नाही म्हणजे बिजागरीजवळच्या रबरी नळीत करंटची तार मोडली. मी विचारायच्या आधी उत्तर द्यायचो. तू म्हणायचास, "तोंड मेकॅनिकचं आहे तुझं. हात बँकेतला." मला एकदा, फक्त एकदाच, तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, 'सावंत, बरं केलंस.' साठी उलटलेला माणूस, इनास, आणि पहिलीतल्या पोरासारखं पाटीवर बरोबरची खूण हवी होती.

आणि तुझ्या स्वतःच्या गाडीचं दार मोडलेलं होतंच.

तुझी ती राखाडी व्हॅन. ड्रायव्हरचं दार बाहेरच्या हँडलने उघडायचं नाही. किती वर्षं? मला भेटलास तेव्हापासून तरी. तू काच नेहमी हातभर खाली ठेवायचास, बाहेरून आत हात घालायचास, आतला खटका ओढायचास आणि मग आत बसायचास. शेकडो दारं नीट करणारा माणूस. मी विचारलं तर म्हणालास, "माझं दार नीट दिसलं तर लोकांना वाटेल, इनासकडे हल्ली कामं नाहीत."

त्या रविवारी तू आणि फिलूवहिनी चर्चला सकाळच्या मिस्सेला गेला होतात. नऊला नाश्त्याला ये म्हणाला होतास, मी आठलाच आलो. शेड उघडी, गाडी समोर, हत्यारं भिंतीवर. रविवारी तू कधी पाना उचलायचा नाहीस, त्यामुळे अडवायला कुणी नाही. पॅड काढला. आणि ऐक, या वेळी एकही क्लिप मोडली नाही. आत बॅटरी मारली तर आजार समोरच. हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी बारीक सळई खाली लोंबत होती, कारण तिला लॉकच्या पट्टीत धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. वर्षानुवर्षं तू तिच्यासाठी हात घालून दार उघडत होतास.

तुझा क्लिपांचा डबा शोधला. सापडेना. चर्चची घंटा झाली, म्हणजे लोक बाहेर पडणार. माझ्या खिशात सुनंदाच्या बांगडीतली सेफ्टी पिन होती, आदल्या दिवशी पायजम्याची नाडी ओवायला घेतलेली. ती मी सळईच्या टोकातून ओवली, पट्टीच्या भोकातून काढली आणि बंद केली. पॅड बसवला. बाहेर येऊन हँडल ओढलं. खट. दार उघडलं.

तुम्ही दोघं गेटातून आलात तेव्हा मी गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभा होतो. एखाद्या शोरूमच्या मालकासारखा. "ओढ," म्हटलं.

तू हँडल ओढलंस. उघडलं. बंद केलंस, कान दाराजवळ नेलास, परत ओढलंस. उघडलं. फिलूवहिनी म्हणाल्या, "अरे वा!" तू पॅडकडे बघत विचारलंस,

"क्लिप कुठली लावलीस?"

"तुझ्याच डब्यातली."

"डबा कुठे होता?"

"असेल तिथेच होता. तू दार बघ ना, डबा काय बघतोस!"

"उद्या पॅड काढून बघतो."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या हातावर नाय."

तिथून भांडण लागलं. नाश्ता थंड झाला तरी आपण भांडत होतो. शेवटी मी पैज लावली. महिनाभर तू पॅडला हात लावायचा नाही. महिना दार चाललं तर तू फिलूवहिनींसमोर म्हणायचंस, सावंत, बरं केलंस. नाही चाललं तर मी तुझ्या शेडमध्ये आयुष्यात पाना धरणार नाही. तू हातावर हात मारलास. निघताना मी वर आणखी शहाणपण शिकवलं, "आता ती काच वर करत जा, एसी लाव, माणसासारखा फिर."

"बघू," म्हणालास.

पिनेचं मी तुला सांगितलं नाही. पैज जिंकल्यावर सांगणार होतो. मग तू मला शिव्या दिल्या असत्यास आणि मी हसलो असतो, असा माझा बेत होता. तू शब्दाचा पक्का, पॅड उघडला नसशीलच. महिना भरायला सात दिवस उरले होते.

बुधवारी तुला नेलं. चर्चमध्ये मी तिसऱ्या बाकावर होतो. तुमचे लोक उभे राहिले की उभा, बसले की बसलो, एकदा सगळे गुडघ्यावर गेले आणि मी एकटाच उभा राहिलो. तिथेही चूक केली, म्हणजे बघ. मग तुला शववाहिकेत ठेवलं आणि माणसाने मागचं दार लावलं. लागलं नाही. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा लागलं, पण धप्प आणि मागनं खट्ट. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली, की लॉकसमोरचा हूक एक सूतभर बाहेर आलाय. मी मान वळवली. भुवई उडवून तुला दाखवायला. गर्दीत तुला शोधलं, इनास. तीन-चार सेकंद खरंच शोधलं.

एवढंच काय ते त्या दिवशी झालं. घरी येऊन जेवलो. झोपही लागली.

मग रोज दुपारी तुझ्या अंगणात येऊन बसायचो आणि लोक 'बाहेर काढला' म्हणाले की जमिनीकडे बघायचो. घरी पिनेचा हिशेब करत बसायचो. पिन चालली असेल तर दार सटकन उघडलं. पिन सरकली असेल तर लोक हँडल ओढत राहिले, कुणी पलीकडे धावलं, कुणी दगड शोधला. तुझी ती मिनिटं. दोन दिवस मी सुनंदाच्या बांगडीकडे बघू शकलो नाही. तिला वाटलं, बांगड्या विकायचं काहीतरी माझ्या मनात आहे.

आज फिलूवहिनींनी बोलावून घेतलं. "सावंतभाऊ, उद्या सातव्या दिवसाची मिस्सा. गाडी अजून बेकरीसमोर उभी आहे. कुणाला सांगवत नाही. तुम्ही आणाल?" आणि किल्ली हातात ठेवली.

गाडी जशीच्या तशी होती. डावी बाजू बेकरीच्या भिंतीला चिकटून, उजवीकडे रस्ता. काच खाली, नेहमीसारखी हातभर. सीटवर धूळ. तिच्या पुढ्यात चार पावलांवर कोळीण ताराबाय पाटी मांडून बसली होती, तू जिच्याकडून बोंबील घ्यायचास ती. मला बघून तिने पंखा हलवायचा थांबवला.

"इनासची गारी नेतंय काय? ने बाबा ने. बघवत नाय."

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तू इथेच होतीस?"

"मंग कुठं असंन? मीच काढला ना त्याला."

मी विचारलं. सहा दिवसांनी.

"दार कसं उघडलं?"

"कसा म्हंजे? तो वाकला, मी बोलले, झोपला का काय. मंग तोंड बघितला. गेले धावत, काचेतून हात घातला, आतला खटका ओढला. झाला."

"बाहेरचं हँडल ओढलं नाही?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी बोंबलाच्या भावात पापलेट मागतोय.

"त्याला कोन हात लावतो? ते कदी चालतंय? सगल्या पापडीला माहीत हाय."

"मग वेळ किती..."

"हात घालायला येल किती लागतो रे? लगीच पानी मारला तोंडावर, पोरांनी रिक्षात घातला. डोळे उघडले त्यानं."

सगळ्या पापडीला माहीत आहे, इनास. माझ्या दुरुस्तीची बातमी तुझ्या अंगणाच्या बाहेर गेलीच नव्हती. जगात तीन माणसांना ठाऊक होतं की ते हँडल आता चालतं, आणि त्यातलं एकही तिथे धावून आलं नाही. सहा दिवस मी ज्या गुन्ह्यासाठी स्वतःला कोठडीत घातलं होतं, तो गुन्हा करायची संधीच मला कुणी दिली नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. किंचित अपमान झाल्यासारखं वाटलं. काय माणूस आहे मी!

आणि मग, राहवेना म्हणून, मी हँडल ओढलं.

ते सैल वर आलं. खट नाही, काही नाही. सोडलं तर आपलं आपण खाली पडलं. परत ओढलं. आत कुठेतरी सुनंदाची पिन उघडून पडलेली असणार. मागून ताराबाय ओरडली, "आताच सांगितला ना तुला! भायेरून नाय उघडत! हात घाल आत!"

मी हात आत घातला, खटका ओढला आणि तुझ्या सीटवर बसलो. गाडी चालू केली नाही बराच वेळ. डावं दार भिंतीला. मागे तुझी केळ्यांची टोपली, तिच्यावर पोती. तू माझं ऐकून काच वर केली असतीस तर? ताराबायचा हात काचेला लागला असता. मग हँडल, आणि ते मेलेलं. मग दगड. फोडली असती काच कुणीतरी, पण पाच मिनिटं गेली असती. त्या दोन तासांतली पाच गेली असती की दोन्ही तास, ते मला माहीत नाही, आणि दवाखान्यात जाऊन विचारायचीही माझी इच्छा नाही.

तू काच वर केली नाहीस. मी दहादा सांगूनही नाही. पैज घेतलीस, हातावर हात मारलास, पॅडला हात लावला नाहीस, आणि तरी माझ्या कामाच्या भरवशावर बसला नाहीस. गाडी घरी आणेपर्यंत मी मनात हेच म्हणत होतो. बरं झालं, इनास. अकरा वर्षांत मी तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडलो ते तुझ्या याच सवयीवर, आणि बरं झालं.

फिलूवहिनी ओट्यावर बसून उद्यासाठी तुझा फोटो पुसत होत्या. मी किल्ली दिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. डबा सापडला नव्हता, पिन, खोटं बोललो, पैज, हँडल आता मेलेलं आहे, आणि तुझा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून काच खाली होती आणि म्हणून ताराबायचा हात आत गेला. बोलताना मला वाटलं, आता येईल रडू. वहिनींनाही येईल. त्यांनी फोटोवरचा फडका बाजूला ठेवला.

"कुठला अविश्वास, सावंतभाऊ? एसी ईस्टरपासून बंद पडलाय. काच वर केली तर आत भट्टी. उकडतं म्हणून खाली ठेवायचा."

"पण मी त्याला सांगितलं होतं, एसी लाव म्हणून. तेव्हा बोलला नाही."

"तुम्ही एवढे खुशीत होता. कशाला बोलेल?"

मग त्यांनी चहा आणला. न विचारता सांगत राहिल्या, दवाखान्यातल्या दोन तासांचं. तू म्हणालास, केळीला पाणी लावून आलोय, मोटर बंद कर. थोड्या वेळाने म्हणालास, पाव राहिले गो. मग त्यांचा हात धरून बसलास, नुसता. मी कप धरून ऐकत होतो. माझं नाव आलं का, हे मी विचारलं नाही. आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

आत्ता संध्याकाळ आहे, सुनंदा उद्यासाठी पांढरी साडी काढतेय आणि मी हे लिहितोय. फिलूवहिनी खोटं बोलणाऱ्या नाहीत. एसी बंद असेल, काच उकाड्यासाठीच खाली असेल. पण उकाडा काय, मे महिन्यात सगळ्या पापडीला होतो. अविश्वास तू फक्त माझ्यावर ठेवायचास. म्हणून मी आपला असं धरून चाललोय, की मंगळवारी सकाळी तू गाडीत बसलास, काच वर करायला हात नेलास, माझं काम आठवलं, आणि हात मागे घेतलास.